घरगुती निदान : धुण्याचें यंत्र आणि जुन्या घराचें पाणी

गेल्या अंकीं पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळून घेण्याविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते. त्यावर दोघी-तिघी वाचकभगिनींनीं कळविलें कीं, कौलें ठीकच; परंतु ज्याच्यावांचून आजकाल घरचें धुणें अडून बसतें, त्या यंत्राविषयीं या सदरांत अद्याप एक ओळही आलेली नाहीं. तक्रार रास्त आहे. परंतु ज्यानें पस्तीस वर्षें मुलांकडून 'राम' आणि 'हरि' चालवून घेतले, त्यानें यंत्रें चालविण्याविषयीं लिहावें, हें आम्हांस उंटावरून शेळ्या हांकण्यासारखें वाटत असे. यंदाच्या उन्हाळ्यांत मात्र आमच्याच घरीं असा प्रसंग उद्भवला कीं, उंटावरून खालीं उतरावेंच लागलें. त्या प्रसंगांत यंत्राचा दोष थोडा आणि आमचा पुष्कळ होता. तोही सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

आमचें घर साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील एका पेठेंत. वाडा जुना, दुमजली. तुळया सागवानी, भिंती मातीच्या आणि हातभर रुंद. वडिलांच्या हयातींत मागल्या बाजूस माडीवर एक पक्की खोली आणि न्हाणीघर काढलें, तेवढाच काय तो नवा भाग. घरांत लहानमोठीं नऊ माणसें. आमच्या वहिनींचें वय आज चौऱ्याहत्तर. थोरल्या बंधूंच्या पश्चात् त्यांस जें निवृत्तिवेतन मिळतें, त्यांतून दोन वर्षें शिल्लक टाकून त्यांनीं गेल्या पौषांत धुण्याचें यंत्र घेतलें. समोरून दार उघडणारें आणि आपोआप चालणारें. घरांत सर्वजण त्यास 'मशीन' म्हणतात. संधिवातानें वहिनींच्या बोटांचीं पेरें सुजलेलीं. कपड्यांस पिळा घालवत नाहीं. "माझ्या हातांनीं आतां होत नाहीं, आणि मुलींनीं माझ्यासारखे दगडावर हात झिजवूं नयेत," एवढेंच त्या यंत्र आणतांना म्हणाल्या.

तीन महिने यंत्र उत्तम चाललें. वहिनी पहांटे उठून तें स्वतः लावीत. चैत्रांत त्यांचे हात अधिक दुखूं लागले, तेव्हां तें काम त्यांनीं आमच्या धाकट्या सूनबाईंकडे सोंपविलें. चौथ्या दिवशीं यंत्र मध्येंच थांबलें, आणि 'पाणी येत नाहीं' अशा अर्थाचीं अक्षरें दर्शनी पट्टीवर लुकलुकूं लागलीं. पुन्हां लावलें, पुन्हां थांबलें. दुरुस्तीवाला दोनदां येऊन गेला. पाणी आंत घेणारी झडप त्यानें बदलली, पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तींच अक्षरें.

मग घरांत जें व्हावयाचें तेंच झालें. कोणी म्हणालें, वहिनींच्या हातीं चालत होतें, सूनबाईंनीं हात लावला आणि बिघडलें. कोणी म्हणालें, नोकरीच्या घाईंत भलत्याच कळा दाबल्या असतील. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु दोन वर्षांची शिल्लक पाण्यांत गेली, हें त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतें. आणि आम्हीही एके रात्रीं, सूनबाई वाढीत असतां, बोलून गेलों, "यंत्राला सुद्धां ओळखीचा हात लागतो." आमच्या मतें तो विनोद होता. सूनबाई वाढावयाचें संपवून आंत गेल्या. त्या एका पतपेढींत नोकरी करतात. त्यानंतर बारा दिवस त्या पहांटे साडेचारला उठून नऊ माणसांचें धुणें खालच्या मोरींत दगडावर धूत होत्या, आणि दहाच्या ठोक्याला कामावर जात होत्या. तेराव्या दिवशीं भंगारवाल्यास भाव विचारण्याची गोष्ट निघाली, तेव्हां आम्ही भानावर आलों.

'काकतालीय' म्हणून एक न्याय आहे. कावळा ताडावर बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, एवढ्यावरून फळ कावळ्यानें पाडलें असें ठरत नाहीं. ही गोष्ट आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल याची गणती नाहीं. आणि घरीं मात्र बारा दिवस आम्ही कावळ्यालाच धरून बसलों होतों. कारण ठरवावयाचें तर अन्वय आणि व्यतिरेक हीं दोन्हीं पाहावीं लागतात. तें असतां हें होतें काय, आणि तें नसतां हें होत नाहीं काय? आम्हीं वही घेतली आणि तीन प्रश्न लिहिले. पाणी यंत्रापर्यंत पुरेशा जोरानें येतें काय? आलेलें पाणी यंत्रांत टिकतें काय? सोडलेलें पाणी घराबाहेर जातें काय? यंत्राच्या पाण्यासंबंधीं बहुतेक तक्रारी या तिहींपैकीं एकींत बसतात. आणि जुन्या घरांत विशेष हा कीं, दोष पुष्कळदां यंत्रांत नसून घरांत असतो.

पाणी येतें काय?

सातारा शहराच्या पश्चिमेस डोंगरमाथ्यावर कासचा तलाव आहे. त्याचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून केवळ उताराच्या बळावर गांवांत येत आलें आहे. पुढें शहर वाढलें, तशा नदीवरून पाणी उचलून आणणाऱ्या योजनाही झाल्या. परंतु पाणी कोणतेंही असो, गांव डोंगराच्या कुशींत वसलेलें असल्यामुळें खालच्या पेठांत नळाला जोर आणि वरच्या पेठांत धार बारीक, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांत पाणी ठराविक वेळीं येणार. म्हणून घरोघरीं टांकी आली, आणि टांकीबरोबर उंचीचा प्रश्न आला.

पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो. सुमारें दहा मीटर, म्हणजे तेहेतीस फूट, उंचीवरील पाणी खालीं जो दाब देतें त्यास ढोबळ मानानें एक 'बार' म्हणतात. आपोआप चालणाऱ्या यंत्रांस पाणी आंत घेण्याकरितां बहुधा ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. नक्की आंकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेंत छापलेला असतो. याचा अर्थ असा कीं, टांकीचा तळ यंत्राच्या नळापेक्षां निदान दहा ते सोळा फूट उंच असावयास हवा. आम्हीं टेप घेऊन आमची टांकी मोजली. ती माडीवरील न्हाणीघराच्या माथ्यावर आहे. तिचा तळ यंत्राच्या नळापासून अवघा साडेचार फूट वर निघाला. म्हणजे दाब ०.१४ बारच्याही आंत!

नंतर आम्हीं बादलीची परीक्षा घेतली. हिला खर्च कांहीं नाहीं आणि कोणाही गृहिणीस ती करतां येते. नळ बंद करून यंत्राची नळी सोडवावी, नळाखालीं दहा लिटरची बादली ठेवावी, नळ पुरा उघडावा आणि घड्याळ पाहावें. टांकीच्या नळास आमची बादली भरण्यास साडेचार मिनिटें लागलीं. भिंतींत शेजारींच नगरपालिकेच्या पाण्याचा जुना नळ आहे. त्याला पहांटे पाणी आलें असतां तीच बादली सव्वा मिनिटांत भरली. आणि मोकळ्या नळास जेवढी धार असते तेवढीही यंत्रांत जात नाहीं. यंत्राच्या झडपेंत रबराचा पातळ पडदा असतो. विजेनें त्याची वाट मोकळी केली, तरी पाण्याच्या दाबावांचून तो पुरता उचलला जात नाहीं. ठरलेल्या वेळांत पाणी ठरलेल्या पातळीस पोहोंचलें नाहीं, कीं यंत्र थांबतें आणि अक्षरें दाखवितें. तें बिघडलेलें नसतें. तें खरें तेंच सांगत असतें.

येथें चाणाक्ष वाचक विचारतील कीं, मग पहिले तीन महिने तें कसें चाललें? हाच प्रश्न वहींत लिहितांना आमचा हात थांबला. चैत्रांतील त्याच आठवड्यांत आम्हींच नळकारागिरास बोलावून यंत्राची नळी जुन्या नळावरून काढून टांकीच्या नळास लावविली होती. हेतु चांगला होता. पहांटेच्या पाण्याची वाट पाहावी लागूं नये, सूनबाईंस संध्याकाळीं परत आल्यावरही यंत्र लावतां यावें. एकाच आठवड्यांत दोन गोष्टी बदलल्या. हात बदलला आणि पाणी बदललें. हात सर्वांना दिसला. पाणी कोणास दिसलें नाहीं, आणि ज्यानें बदललें त्यास तर मुळींच दिसलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे सर्व मंडळींसमक्ष प्रयोग केला. जुन्या नळास नळी लावून यंत्र सूनबाईंनीं चालविलें. तें शेवटपर्यंत चाललें. दुपारीं टांकीच्या नळास नळी लावून वहिनींनीं स्वतःच्या हातानें चालविलें. तें अर्ध्या तासाच्या आंत थांबलें. अन्वय झाला, व्यतिरेकही झाला. कोणी कांहीं बोललें नाहीं.

आतां उपाय. ते स्वस्तापासून महागाकडे या क्रमानें करावेत. पहिला, जाळीचा. नळी यंत्रास जेथें मागील बाजूनें जोडलेली असते, तेथें बोटाच्या पेरासारखी एक बारीक जाळी असते. ठराविक वेळीं येणाऱ्या पाण्याबरोबर, विशेषतः पहिल्या धारेबरोबर, रेती आणि गंज येऊन ती बुजते. नळ बंद करावा, यंत्राची पिन काढावी, नळी सोडवावी, जाळी पकडीनें हलकेच ओढून जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें स्वच्छ करावी. दुसरा, लोखंडी नळाचा. आमच्या टांकीपासून आलेला अर्ध्या इंचाचा नळ वडिलांच्या वेळचा. कापून पाहिला तों आंतून गंजाचे थर बसून पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली. नळाचा व्यास निम्मा झाला कीं पाण्याची वाट निम्मी नव्हे, पाव होते. वर घर्षण वाढतें तें निराळेंच. तो आम्हीं काढून पाऊण इंचाचा प्लॅस्टिकचा नळ घातला.

तिसरा उपाय टांकी उंच चढविण्याचा. येथें मात्र जपावें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची टांकी भरली म्हणजे एक टन भार होतो. सागवानी तुळया आणि मातीच्या भिंती यांवर तो चढविण्यापूर्वीं जाणत्या अभियंत्यास दाखविल्याशिवाय पाऊल टाकूं नये. आमच्या वाड्याच्या छपरास तो पेलणार नाहीं असें ठरलें. म्हणून टांकी आणि यंत्र यांच्यामध्यें दाब वाढविणारा लहान पंप बसविला. तो टांकीवरच बसवावा. नगरपालिकेच्या नळास थेट पंप लावणें नियमाविरुद्ध आहे, आणि तसें केल्यानें शेजारच्या घरचें पाणी ओढलें जातें हें वेगळें सांगावयास नको.

आलेलें पाणी टिकतें काय?

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं याच्या उलट प्रकार झाला. यंत्र पाणी घेतच राही. अर्धी टांकी रिकामी झाली तरी धुणें सुरू होईना. त्यानें आम्हांस बोलाविलें, तेव्हां आम्हीं यंत्राकडे न पाहतां प्रथम मोरी पाहिली. पाणी सोडणारी नळी मोरीच्या फरशीवर सरळ लोळत होती, आणि तिच्यांतून पाण्याची शांत धार चालली होती. एका बाजूनें यंत्र भरीत होतें, दुसऱ्या बाजूनें तें गळत होतें.

पंपानें पाणी बाहेर फेंकणाऱ्या यंत्राच्या नळीचें तोंड जमिनीपासून साधारण दोन ते तीन फूट उंच असावें लागतें. नळी सबंध खालीं राहिली तर पाणी आपोआप वाहून जातें. ती वर चढवून पुन्हां निचऱ्याच्या नळांत खोल खुपसली आणि तोंड पाण्यांत बुडालें, तर एकदां सुरू झालेला ओघ वक्रनलिकेच्या नियमानें चालूच राहतो. म्हणून नळी वर खिळवून तोंड थोडेंच आंत सोडावें, आणि भोंवतीं हवेस वाट ठेवावी. परीक्षा सोपी आहे. यंत्र पाणी भरूं लागलें कीं दोन मिनिटांनीं तें थांबवावें आणि नळीचें तोंड पाहावें. तें कोरडें असलें पाहिजे.

परंतु हा नियम डोळे मिटून सर्व यंत्रांस लावूं नये. दोन कुंडांचीं अर्धस्वयंचलित यंत्रें आणि वरून झांकण असलेलीं कित्येक यंत्रें यांस पंप नसतो. त्यांचें पाणी केवळ उतारानें जातें. त्यांची नळी उंच बांधली तर पाणी आंतच कोंडून राहतें; ती जमिनीलगतच, उताराकडे तोंड करून पाहिजे. शेजारणीच्या यंत्राची नळी वर आहे म्हणून आपलीही वर बांधणें, हें दुसऱ्याच्या रोगावरचें औषध आपण घेण्यासारखें आहे.

आणखी एक खूण सांगून ठेवतों. यंत्राची पिन काढल्यावरही आंत पाणी येत राहिलें, तर झडपेंत रेतीचा कण अडकला आहे असें समजावें. ती साफ करवावी किंवा बदलवावी. पिन काढतांच पाणी थांबत असेल, पण यंत्र चालू असतां कांठोकांठ भरत असेल, आणि नळीचें तोंडही कोरडें असेल, तर पातळी मोजणारी हवेची बारीक नळी पाहावी. यंत्रास पाणी दिसत नाहीं; त्या नळींत कोंडलेल्या हवेच्या दाबावरून तें पातळी ओळखतें. ती नळी निसटली, चिरली किंवा साबणाच्या गाळानें बुजली, कीं यंत्राचा अंदाज चुकतो. हें काम मात्र कारागिराचें आहे.

सोडलेलें पाणी जातें काय?

वहिनींची थोरली कन्या सांगलीस गांवभागांत असते. कृष्णाकांठचें घर, दगडी जोतें, जुनी मोरी, आणि निचऱ्याचा नळ खापरी, दोन पिढ्यांमागचा. १९२९ सालचा आयर्विन पूल हें सांगलीकरांचें पूर मोजण्याचें माप. तेथें ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें तेथील पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. त्यापूर्वीं २००५ सालीं आणि त्यानंतर २०२१ सालींही नदी गांवांत आली. २०१९ मध्यें या घरांतील जुनें यंत्र पाण्यांत गेलें, नवें घेतलें. परंतु नवेंही पाणी भरलेल्या अवस्थेंतच थांबे, आणि निचरा होत नसल्याचीं अक्षरें दाखवी. पंप दोनदां बदलून झाला होता. आम्ही वैशाखांत सांगलीस गेलों ते वही घेऊनच गेलों.

प्रथम पंपाची चाळणी पाहिली. समोरून दार असलेल्या यंत्राच्या पायथ्याशीं, बहुधा उजव्या हातास, एक लहान झांकण असतें; त्यामागें ती फिरवून काढतां येते. आधीं पिन काढावी, ऊन पाण्यांत धुतलें असेल तर पाणी निवूं द्यावें, खालीं परात आणि फडकीं ठेवावीं, मगच ती सैल करावी. तींत काय सांपडतें हें घराघराचें निराळें. सांगलीस एक नाणें आणि केंसांचा आंकडा निघाला. आमच्या घरीं पूर्वीं दोन सेफ्टी पिना, सुपारीचें खांड आणि पंपाच्या पात्याला तीन वेढे घातलेलें एक जानवें निघालें होतें; त्याची मालकी नाकारण्याची सोय आम्हांस नव्हती. दर महिन्यास ही चाळणी धुण्याचा नेम ठेवावा.

चाळणी साफ करूनही यंत्र अडलें. तेव्हां पुन्हां बादली. पाणी सोडणारी नळी मोरींतील नळांतून काढून बादलींत धरली, आणि यंत्रास केवळ पाणी सोडावयास लावलें. बादली अर्ध्या मिनिटांत भरली. पंप निर्दोष ठरला. पहिलाही कदाचित् निर्दोषच असेल. मग मोरींत दोन बादल्या एकदम ओतल्या. पाणी घोट्यापर्यंत चढलें आणि पांच मिनिटें हललें नाहीं. तांब्या-तांब्यानें आंघोळ करणाऱ्यांच्या काळीं बांधलेली ती मोरी तांब्याचें पाणी मुकाट्यानें नेत होती; परंतु यंत्राचा पंप मिनिटास पंधरा-वीस लिटर पाणी लोटतो, तेवढें तिला झेपत नव्हतें. त्यांत कोणी कारागिरानें पाणी परत येऊं नये म्हणून नळीभोंवतीं फडकें कोंबून तोंड घट्ट बसविलें होतें. त्यामुळें पंपाला पाणी लोटावयास जागाच उरली नव्हती.

अंगणांतील निचऱ्याची टांकी उघडली, तेव्हां खापरी नळ अर्ध्याहून अधिक गाळानें भरलेला दिसला. वरची काळी चिकट माती नदीची. २०१९ चा पूर घरांतून ओसरला होता, मोरीखालून ओसरला नव्हता. दोन माणसांनीं अर्धा दिवस खपून आठ घमेलीं गाळ काढला. एके ठिकाणीं नळ खचून उलटा उतार झाला होता. तेवढा तुकडा नव्यानें, चाळीस फुटांस एक फूट या उतारानें घातला. त्या दिवसापासून यंत्र अडलेलें नाहीं. पंपांवर गेलेला पैसा परत येत नाहीं, हें खरें.

कृष्णाकांठच्या वाचकांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पुराचें पाणी पुष्कळदां दारांतून येण्याआधीं निचऱ्याच्या नळांतून उलटें येतें. म्हणून इशाऱ्याची पातळी जवळ आली कीं मोरीचें तोंड बंद करावें, आणि यंत्र उचलून वर ठेवतां येत असेल तर ठेवावें. आणि पाण्यांत गेलेलें यंत्र वरून वाळलेलें दिसलें तरी कारागिरानें आंतून तपासल्यावांचून विजेस लावूं नये. शिवाय जेथें विंधनविहिरीचें जड पाणी वापरतात, तेथें ऊन पाण्याच्या तारेवर आणि जाळीवर क्षारांचे थर बसतात. पुस्तिकेंत परवानगी असेल तर अधूनमधून कपड्यांवांचून लिंबूसत्त्व घालून यंत्र ऊन पाण्यावर चालवावें.

विजेविषयीं एक वाक्य सर्वांकरितां. जुन्या वाड्यांतील कित्येक तारा दोनच असतात, भूमीस जोडणारी तिसरी नसते. पाणी आणि वीज जेथें एकत्र येतात तेथें ती तिसरी तार, आणि गळती होतांच वीज तोडणारें तीस मिलिअँपिअरचें साधन, हीं असल्याशिवाय यंत्र चालवूंच नये.

तर क्रम असा लक्षांत ठेवावा. यंत्र भरत नसेल तर नळाखालीं बादली आणि घड्याळ, मग जाळी, मग टांकीची उंची. भरतच राहत असेल तर नळीचें तोंड, मग पिन काढून पाहणें. रिकामें होत नसेल तर चाळणी, मग नळी बादलींत, मग मोरींत दोन बादल्या. या तिन्ही परीक्षा झाल्यावरच दुरुस्तीवाल्यास बोलवावें, आणि काय आढळलें तें त्यास सांगावें.

आतां राहिलेली गोष्ट. प्रयोग झाला त्याच रात्रीं आम्हीं जेवणाच्या वेळीं सर्वांदेखत सूनबाईंस म्हटलें, "तुमचा कांहीं दोष नव्हता. नळ आम्हीं बदलविला, आणि बोल तुम्हांस लावला. आम्ही चुकलों." सासऱ्यानें सुनेस असें म्हणण्याची आमच्या घरांत चाल नाहीं, शब्द जड गेले. सूनबाई थोडा वेळ ताटाकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाबा, टांकीच्या नळाला धार नाहीं असं मी दुसऱ्याच दिवशीं सांगितलं होतं. तुम्ही वर्तमानपत्र वाचत होता."

आम्हांस तें आठवेना; वहिनींस मात्र आठवलें. "सांगितलं होतं खरं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मीही ऐकलं होतं." आणि त्यांनीं आपल्या सुजलेल्या हातानें सूनबाईंच्या पानांत भात वाढला.

ती वही आतां यंत्रावरील फळीवर ठेवलेली असते, आणि बादली भरण्याचा वेळ दर महिन्यास तींत टिपला जातो. टिपण सूनबाईंच्या अक्षरांत असतें.